आवाजाला लागणारा वेळ

आमच्या वसईतल्या पापडीच्या घरात आवाज धरून ठेवणारं पहिलं यंत्र आलं ते मामाने मस्कतहून आणलेल्या टू-इन-वन टेपरेकॉर्डरच्या रूपात. प्ले आणि लाल ठिपक्याचं रेकॉर्ड ही दोन्ही बटणं एकदम दाबायची. मग आतल्या बारीकशा माईकला जे ऐकू येईल ते टेपवर. लग्नघरी मांडवात बायका गाणी म्हणायला बसल्या की तो शेजारी स्टुलावर ठेवला जाई. कॅसेटच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. आजीच्या गाण्यांच्या कॅसेटचे तुकडे आईने लगेच मोडून टाकले, म्हणून ती गाणी उरली. शेजारच्या कित्येक घरांतल्या गाण्यांवर पुढे सिनेमाची गाणी भरली गेली.

ती कॅसेट मी अजून ऐकतो. त्या स्वस्त यंत्रात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय होती. घुमट या वाद्यावर थाप पडली की यंत्र सगळाच आवाज खाली दाबायचं आणि मग आजीचा आवाज हळूहळू पुन्हा वर यायचा. प्रत्येक थापेला आजी बुडते आणि वर येते. शब्द कळतात, पण तिने कुठे जोर दिला आणि कुठे सोडून दिलं, ते मात्र यंत्राने पुसून टाकलं आहे. आमच्या भागातल्या वाडवळीत, उत्तरेला निर्मळ-भुईगावकडच्या सामवेदीत किंवा किनाऱ्यावरच्या कोळी बोलीत सगळा जीव या हेलातच असतो. वहीत उतरवलेल्या गाण्यात तो राहत नाही.

आवाजाला वेळ लागतो, हे मी देवळात शिकलो. पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च 1998 साली वसई धर्मप्रांत झाला तेव्हा कॅथेड्रल झालं. आमच्या तोंडी ते देऊळच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लॅटिनमधून मराठीत आली आणि कॉयरचं काम वाढलं, कारण आता सगळं देऊळ सोबत गाणार होतं. लांबलचक देवळात मागे बसून गाणाऱ्याला पुढच्या रांगांचा सूर नेहमी मागाहून ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 34 मीटर अंतर असेल तर सेकंदाचा दहावा भाग गेलाच. आमचे कॉयरमास्तर बजावायचे, लोकांच्या मागे जाऊ नका, हार्मोनियम ऐका. मागे गेलं की प्रत्येक कडव्याला लय ढिली होत जाते.

हे सगळं मला आठवलं ते अलीकडे, ऑडिओ इंटरफेस घरी जोडताना. मूठभर रुंदीची धातूची डबी, पुढे माईकची दोन तोंडं, मागे यूएसबी. लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकला, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, ऑडिओ डिव्हाइसमध्ये एएसआयओ निवडलं, 48000 हर्ट्झ आणि 24 बिट ठेवलं. म्हणजे एका सेकंदात आवाजाची 48000 मापं. मग कंडेन्सर माईकसाठी 48 व्होल्टचं बटण. हा आकडा आला नॉर्वेच्या रेडिओतून. 1966 मध्ये नॉयमान कंपनी त्या रेडिओसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारे माईक पुरवत होती आणि तिथल्या स्टुडिओत दिव्यांसाठी 48 व्होल्टची जादा वीज आधीच खेळवलेली होती. उत्तरेकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यासाठी केलेली ती सोय आज पापडीत माझ्या मावशीच्या आवाजाला उपयोगी पडते, याचा मला मनापासून आनंद होतो.

मावशी आजीची गाणी जाणणारी. खोलीत गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद केला. गेनचं बटण मी हातानेच लावलं. तिचा सगळ्यात चढा सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं. यंत्राने तिला दाबू नये म्हणून. तरी तळाशी एक बारीक गुणगुण होती. तेवढ्यात लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि गुणगुण थांबली. चार्जरमधून येणारे ते 50 हर्ट्झ होते. तेव्हापासून मी चार्जर काढूनच रेकॉर्ड करतो.

हेडफोन घालून ती गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. "माझ्यामागून कोण गातंय?" बफर 1024 वर होता. तेवढी मापं जमेपर्यंत संगणक थांबतो; जायला 21 मिलिसेकंद, परतायला तितकेच. चाळिसाच्या वर उशीर म्हणजे आपलाच आवाज 14 मीटरवरून येणं. आपला आवाज आपल्याला उशिरा ऐकवला की बोलणारा माणूसही अडखळतो. बफर 128 वर आणला आणि वर डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं, म्हणजे आवाज संगणकाची फेरी न मारता थेट तिच्या कानात. मग ती सलग गायली.

इंटरफेस घेणारे माईकच्या किमतीवर वाद घालतात. मला विचाराल तर पहिली गोष्ट हीच: गाणाऱ्याला स्वतःचा आवाज वेळेवर मिळू दे. अशी गाणी जपण्याचं मोठं काम याआधी झालेलं आहे: हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यातल्या काही हजार ध्वनिमुद्रित झाल्या. लिहिलेलं आणि ऐकलेलं यातला फरक त्यांना पुरता ठाऊक होता. वसईच्या मांडवातल्या गाण्यांचं असं काम पॅरिशपॅरिशमध्ये व्हायला हवं, आणि ते करायला आता स्टुडिओ लागत नाही.

मावशी म्हणते, अर्धी गाणी तिला एकटीला येतच नाहीत. एकीने उचलायचं आणि दुसरीने झेलायचं अशीच ती आहेत. सांडोरला तिची नणंद आहे. दोन तोंडांच्या डबीत दोन माईक बसतात, दोन वेगळे ट्रॅकही होतात. कुणी सुचवलं, एकीचं आधी भरा, तिला ऐकवून दुसरीचं नंतर, स्वच्छ येईल. मी तसं करणार नाही. दोघींना एकाच खोलीत समोरासमोर बसवणार, हेडफोन न देता. एकीचा आवाज दुसरीच्या माईकमध्ये थोडा सांडेल, तो सांडू दे.