जट

दहावीची परीक्षा झाली आणि मी पहिल्यांदा स्वारगेट बघितलं. साल २०१४. सोळा वर्षांची होते. उंचीनं बेताची, रंगानं काळी, हातापायाच्या नुसत्या काड्या. पण ह्यातलं काही कुणी बघायचंच नाही. बघायचे ती जट. मनगटाएवढी जाड, कमरेपर्यंत लोंबणारी. एप्रिलच्या उन्हातसुद्धा ती मी ओढणीखाली गुंडाळून ठेवायचे.

सातवीत विषमज्वरानं महिनाभर अंथरुणाला खिळले होते. ना न्हाणं, ना वेणीफणी. उठले तेव्हा मानेमागं केसांचा गठ्ठा झालेला. आई फणी घेऊन बसली तर आजीनं तिचा हात धरला. "फणी लावू नगंस. यल्लम्मा आलीया पोरीच्या डोस्क्यात." झालं. तेव्हापासून मंगळवारी-शुक्रवारी जटेला तेल, हळदकुंकू, भंडारा. त्यानं ती आणखी चिकटायची, आणखी जड व्हायची, आणि आजीला वाटायचं देवी प्रसन्न झाली.

आजीवर राग धरता येत नाही मला. आई-अण्णा ऊसतोडीला गेले की सहा-सहा महिने तीच आमचं सगळं. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं. निम्म्यांना उवांचं भ्या, निम्म्यांना देवीचं. मी शाळा सोडते म्हणाले तर तिनंच हाताला धरून वेशीपर्यंत नेऊन सोडलं.

आणि खरं सांगायचं तर मीही मानत होते. वरच्या आळीतल्या एका बाईनं जट कापली आणि वर्षात तिचा नवरा गेला, हे शंभरदा ऐकलेलं. तो रोज दारू पीत होता, हे मात्र कुणी सांगायचं नाही.

दहावीत असताना, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात पेपर वाचून दाखवला. वाटलं, आता माझ्याकडं बघून काहीतरी बोलणार. डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी त्या काही बोलल्या नाहीत. एक दिवस तास सुटल्यावर एवढंच विचारलं, "मान दुखते का गं?" मला रडूच आलं. तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

आजीला 'कॉलेज बघाया चाललोय' सांगून अण्णा आणि मी फलटण-स्वारगेट गाडीत बसलो. जेजुरी आली तसे अण्णांनी खिडकीतून गडाला हात जोडले. दिवेघाट उतरेस्तोवर एक शब्द नाही. स्वारगेटच्या फलाटावर नुसती माणसांची रेटारेटी. तिथं बाईंच्या ओळखीच्या एक कार्यकर्त्या न्यायला आल्या होत्या. जवळच्याच एका घरी गेलो.

कात्री हातात घेतल्यावर अण्णा एकदम उठले. म्हणाले, "ताई, काय इपरीत व्हायचं ते माझं होऊ द्या, पोरीचं नको." मग दाराकडं तोंड करून बसले. तासाभरात झालं. आतून निघालं काय, तर वाळलेलं कुंकू, तेलाचा चिकटा, मेलेल्या उवा आणि एक ओली बुरशी. देवी कुठं दिसली नाही. वजन करून बघितलं, पाऊण किलो.

परत स्टँडवर आलो तर मानेला वारा लागत होता. अण्णांनी रस पाजला, स्वतः घेतला नाही.

आजी दोन महिने माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र वाढायची. पुढच्या माघात ती दम्यानं गेली. मर्तिकाला आलेल्या बायका माझ्या डोक्याकडं बघत होत्या. दमा तिला मी जन्मायच्या आधीपासून होता. मी तो बघत वाढले होते. तरी त्या रात्री माझा हात सारखा मानेमागं जात होता.

आता मी पुण्यात नर्स आहे. स्वारगेटला खालून मेट्रो धावते. देव मानतेस का, असं मैत्रिणी विचारतात. मानते. गावाकडं जाताना जेजुरीला हात जोडते. पण वॉर्डात एखादी पोर डोक्याला घट्ट ओढणी बांधून आली, तर बाकीच्या चौकश्या नंतर. आधी विचारते, मान दुखते का गं?