आयटीतला जोडारी

‘तू नक्की काय करतोस रे?’ असं मावशीने विचारलं की मी सांगतो, जोडारी आहे. आयटीआयवाला नाही, आयटीवाला! एका सॉफ्टवेअरचं दुसऱ्याशी जमवून द्यायचं, गेली आठ वर्षं हिंजवडीत हाच धंदा.

हिशेब बघा. ऑफिसात ३ एआय अॅप आहेत आणि त्यांना रजा, पगार, ईमेल, फाइल्स अशा ४ सिस्टिम जोडायच्या आहेत. प्रत्येकाचा प्रत्येकाशी वेगळा सांधा, म्हणजे १२ सांधे. म्हणजेच माझं अख्खं वर्ष, आणि अप्रेझलमध्ये मिरवायला १२ ओळी!

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अर्थात एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला. २०२५ मध्ये ओपनएआय आणि गुगलनेही तो उचलला. आता ३ अॅप एकच बोली बोलणार, ४ सिस्टिमपुढे एकेक सर्व्हर बसणार. ३ अधिक ४, सात. उरलेल्या पाचांत कोण, हे कळायला गणित लागत नाही. टेन्शन आलंच.

मग त्याचं पायथन एसडीके उघडलं. सॉलिड सोपं आहे हो! नेहमीसारखं फंक्शन लिहायचं, त्याच्या डोक्यावर ‘हे टूल’ अशी एका ओळीची खूण लावायची. बाकी निरोपांची देवाणघेवाण एसडीके बघतं. एकच पथ्य: सर्व्हर तुमच्याच मशीनवर चालत असेल, तर प्रिंट हा आपला जिवलग मित्र बाहेर ठेवायचा. कारण त्याच वाटेने सर्व्हरचे निरोप जातात, आणि मध्येच तुमचं ‘इथपर्यंत आलो’ घुसलं की बोलणंच फिसकटतं.

खरी गंमत वेगळीच. फंक्शनखाली आपण जे दोन ओळींचं वर्णन लिहितो (आणि जे आजवर कुणीही वाचलेलं नाही), ते आता मॉडेल वाचतं आणि कुठलं टूल वापरायचं ते ठरवतं. ‘माझ्या किती सुट्ट्या उरल्या?’ असं कुणी विचारलं, तर दिवाळी-गणपतीची यादी द्यायची की शिल्लक रजा? मी लिहिलं: ‘कर्मचाऱ्याची शिल्लक रजा सांगते. ऑफिसच्या सुट्ट्यांसाठी वापरू नये.’ या दोन वाक्यांवर मी जेवढा वेळ घालवला, तेवढा कोडवर नाही.

परवा बॉस म्हणाले, ‘रजा मंजूर करायचंही टूल टाक की!’ दहा मिनिटांचं काम. पण कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन, यावर मॉडेलने परस्पर हो-नाही करायचं? टूल फक्त वाचणारं की बदल करणारं, हे एसडीकेमध्ये नोंदवता येतं. मात्र ती नुसती सूचना, कुलूप नव्हे. मी स्पष्ट सांगितलं, सर, अर्ज टूल भरेल, मंजुरीचं बटण माणूस दाबेल.

‘पुढच्या रिलीजला बघू,’ म्हणालेत. पुढचं रिलीज महिन्यावर आलंय.