चालत्या इंजिनाची धूळ

पाचोरा ते जामनेर ही सुमारे ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी खानदेशात ‘पीजे’ या दोन अक्षरांनीच ओळखली जाई. शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत जाणारी ही गाडी २०२० च्या टाळेबंदीत उभी राहिली, ती पुन्हा सुटली नाही. आता त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर व्हावयाचे आहे. पहूरच्या पेठेतील एक वयोवृद्ध व्यापारी सध्या या गाडीचे इंजिन तळहातावर मावेल एवढ्या आकारात घडवीत आहेत. कापसाचा व्यवहार मुलांच्या हाती सोपविल्यापासून, सकाळची सामायिक आटोपली की दोन तास ते माडीवरच्या खोलीत बसतात.

या छंदाचे मूळ पुण्याचे. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे नातवंडांना घेऊन गेलेले हे गृहस्थ स्वतःच त्यात गुंतले. तेथील प्रमाण ८७ भागांस एक भाग, म्हणजे छंदिष्टांच्या भाषेत ‘एचओ’. घरी आल्यावर व्यापारी सवयीने त्यांनी हिशोब मांडला. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. ८७ ने गुणल्यास १४३५ मिलिमीटर येतात. ते माप युरोपचे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे या रुळावर भारतीय मोठी गाडी उभी केली की २४१ मिलिमीटरांची तूट राहते. पीजेचा मार्ग मात्र ७६२ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर. आणि ‘एन’ नावाच्या अधिक लहान प्रमाणासाठी ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. दिल्ली-मुंबईच्या दिमाखदार गाड्यांना जे माप नीट बसत नाही, ते पहूरच्या गाडीला जवळजवळ बिनचूक बसते. या गोष्टीचा त्यांना झालेला आनंद फायद्याच्या सौद्याहून कमी नव्हता.

इंजिन मात्र तयार मिळणारे नव्हते. म्हणून ‘एन’ प्रमाणाचे एक जुने, बंद पडलेले परदेशी इंजिन त्यांनी स्वस्तात मिळविले. नवे घेण्याची ऐपत नव्हती असे नाही. पण दुरुस्त होणारी वस्तू टाकून नवी घेणे त्यांच्या परिग्रह-परिमाणाच्या व्रतात बसत नाही. दोष शोधताना त्यांनी आधी मोटरीला थेट बारा व्होल्टचा प्रवाह दिला. मोटर फिरली. म्हणजे प्रवाह चाकांपासून मोटरीपर्यंत पोहोचत नव्हता. चाकांवर काळा थर बसला होता आणि चाकांना टेकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या वाकल्या होत्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेला कापूस, पट्ट्यांना चिमट्याने दिलेला किंचित बाक आणि दातेरी चाकांना सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब, एवढ्यावर ते चालू लागले. तेल अधिक झाले असते तर त्यावर धूळ चिकटून पुन्हा तोच आजार जडला असता.

वरचा सांगाडा प्लॅस्टिकच्या पांढऱ्या शीटचा. मापासाठी गाडीचे जुने फोटोच हाताशी होते. समोरून काढलेल्या फोटोत दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर आहे हे ठाऊक असले की तोच गज होतो. त्यावरून दार, खिडकी, दिवा यांची मापे काढता येतात. दाराजवळचा हातदांडा ०.३ मिलिमीटर पितळी तारेचा केला. प्रत्यक्षात तो २६ मिलिमीटरचा, मुठीत धरता येईल असा होतो. जाड तार लावली असती तर तो घराच्या खांबासारखा दिसला असता.

खरा प्रश्न रंग दिल्यानंतर उभा राहिला. नवे कोरे इंजिन खेळण्यासारखे दिसते, म्हणून त्यावर धूळ, काजळी, गंज अशा वापराच्या खुणा उमटवाव्या लागतात. जाणकार याला ‘वेदरिंग’ म्हणतात. नातू म्हणाला, “दादाजी, पूर्ण गंजलेलं दाखवा ना. बंद पडल्यावर ते तसंच उभं असेल.”

“बंद पडलेलं सगळ्यांना माहीत आहे, बेटा,” ते म्हणाले. “मला चालतं पाहिजे.”

हा केवळ हट्ट नव्हता. रोज धावणाऱ्या इंजिनाचे रुळावर घासणारे चाक चकचकीत असते. ते थांबले की पावसाच्या चार सरींत त्यावर तांबूस गंज चढतो. नमुन्याच्या चाकावर असा गंज रंगविला तर रुळातून येणारी वीज आत जात नाही आणि इंजिन हलत नाही. बंद इंजिनाचे हुबेहूब रूप घेतले की नमुनाही बंदच पडतो.

मग चालत्या इंजिनाच्या खुणा ठरल्या. धुराड्याभोवती काजळी, पण निव्वळ काळा रंग नव्हे, गडद राखाडी. उन्हाने विटलेल्या टपासाठी मूळ रंगात थोडा पांढरा. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली ओलसर चकाकीचा एक ओघळ, तोही एकाच बाजूला. खाली काळ्या जमिनीची धूळ. त्यासाठी त्यांनी वाघूरकाठची माती मलमलीतून चाळून आणली होती, पण ०.१ मिलिमीटरचा कण या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटरचा खडा होतो! ती माती रुळांशेजारच्या जमिनीला लावली आणि इंजिनासाठी त्याच छटेची खडूची भुकटी केली.

ब्रशाबद्दल त्यांनी तडजोड केली नाही. बारीक कामाला प्राण्यांच्या केसांचा ब्रश उत्तम, असे चित्रकार सांगतात. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तरी त्याच्या केसांसाठी त्याची हत्या होते आणि तसे ब्रश चोरून विकले जातात. जैन घरातच नव्हे, कोणत्याच घरात ते असू नयेत. त्यांचे सारे काम नायलॉनच्या ब्रशांनी झाले आहे. टोक लवकर फाकते, इतकेच.

आता भुकटी पक्की बसविणारा बिनचकाकीचा व्हार्निश तेवढा उरला आहे. दमट हवेत तो पांढुरका पडतो, म्हणून पर्युषण होऊन पाऊस सरेपर्यंत इंजिन काचेच्या बरणीखाली झाकून ठेवले आहे. तोवर डब्यांच्या खिडक्या कापण्याचे काम सुरू आहे.