क्विलमधला प्ले

(रोजनिशीतील काही पाने : हेदवी, ता. गुहागर)

मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठली, पण दर्या अजून ठिकाणावर नाही आणि नारळी पौर्णिमेआधी इथे कुणाला घाईही नसते. होड्या वर ओढलेल्या आहेत तोवर डागडुजी उरकायची. खालच्या वाडीतला एक पोरगा सुकाणूच्या बिजागरीसाठी सहा मिलिमीटर जाडीची स्टेनलेसची पट्टी घेऊन आला. आठचे चार होल हवे होते. सेंटर पंचाची खूण नीट पडली होती, तरी बिट खुणेवर टेकताच बाजूला सरकलं आणि मग कुरकुरत आत शिरलं. होल गोल न होता लांबट झाला.

"काका, मशीन हलतंय तुमचं."

हलतंय खरं. क्विल, म्हणजे स्पिंडलला धरून वर-खाली होणारी नळी, खाली आणून चक हातात धरला की टकटक लागते. तेरा मिलिमीटर चकचं हे टेबलावरचं ड्रिल मशीन साडेसात हजारांत घेतलेलं. पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव आहे, गाव नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

असा प्ले, म्हणजे ढिलाई, दिसला की बहुतेक जण आधी बेअरिंग बदलतात. पैसे जातात, टकटक राहते. आधी प्ले कुठे आहे ते शोधलं पाहिजे.

डायल गेजचा चुंबकी स्टँड टेबलावर बसवला आणि टोच क्विलच्या खालच्या कडेला लावली. क्विल पूर्ण वर असताना ढकललं-ओढलं तर काटा ०.१२ मिमी फिरतो. पन्नास मिलिमीटर खाली आणली की तोच काटा ०.३५ वर जातो. मग जुबली क्लिपने डायलची दांडी क्विललाच बांधली, टोच चकवर ठेवली : ०.०३. म्हणजे स्पिंडलच्या बेअरिंगांत प्ले नाही, चकच्या बैठकीतही नाही. दोष क्विल आणि हेडचं बोअर यांच्यामधल्या फटीत आहे. क्विल जितकी खाली येईल तितकी बोअरमधली तिची पकड आखूड होते आणि बाहेर लोंबणारा भाग लांब होतो. त्यामुळे फट तेवढीच असूनही टोकाला ती तिप्पट दिसते.

चकमध्ये दहाच्या बिटाची गुळगुळीत शँक धरून स्पिंडल हाताने फिरवला तर ०.०८ आऊट येतो, म्हणजे शँक मध्यावर न फिरता तेवढी डगमगते. हा वेगळा आजार. प्ले शून्य असूनही चक आऊट फिरू शकतो, आणि दोन्हींची औषधं वेगळी. हँडल फिरवल्यावर क्विल जरा उशिरा हलते, तो रॅक-पिनियनमधला प्ले. त्याने होलाची जागा चुकत नाही, पण पत्रा फुटून बिट पलीकडे निघताना ते काम ओढून घेतं. छोटे बिट तिथेच तुटतात.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

नागपंचमी. घरात चिरणं-कापणं बंद, चुलीवर तवा नाही. ड्रिल म्हणजे कापणंच, तेव्हा मशीनलाही सुट्टी. पुसणं मात्र चालतं, असा निर्णय मीच दिला.

चक आर्बरवरून काढून दोन्ही टेपर रॉकेलने धुतले. आत करड्या रंगाचं किटण होतं आणि एका कडेला नखाला लागेल एवढी बर, म्हणजे उठलेली धार. ती बारीक तेलदगडाने काढली. जबडे आत ओढून घेतले आणि लाकडी हातोडीने चक परत बसवला. आऊट ०.०८ वरून ०.०४ वर आला, एक रुपयाही न लागता.

मोठ्या मशीनमध्ये असतो तो मोर्स टेपर साधारण वीस मिलिमीटरला एक मिलिमीटर असा निमुळता. स्टीफन मोर्स या अमेरिकी कारागिराने ट्विस्ट ड्रिलचं पेटंट १८६३ साली घेतलं. त्याची कंपनी न्यू बेडफर्डला वाढली, आणि ते तेव्हा देवमाशांच्या शिकारीचं बंदर होतं. आमच्या होडीवाल्या पोराला हे सांगायला हवं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

पाऊस आणि वीज दोन्ही येऊन-जाऊन. मशीन खोललं. आधी परत ओढणाऱ्या स्प्रिंगची टोपी. तिच्यात पट्टीची स्प्रिंग ताणून बसवलेली असते, म्हणून टोपी पकडीत धरून खाच-खाच करत सैल सोडली. मग खालून क्विलला हात देऊन पिनियनचा दांडा बाहेर काढला. हात नसता तर क्विल सरळ टेबलावर आदळली असती.

बोअरला तांबूस गंज धरला होता. इथल्या बामणघळीत भरतीचं पाणी उसळतं ते बघायला पर्यटक येतात. त्याच पाण्याचं मीठ वर्षभर आमच्या हत्यारांवर बसतं. गंज पुसल्यावर फट थोडी वाढलीच असणार, कारण इतके दिवस तो शिमचं, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ पट्टीचं, काम करत होता! शिमवरून आठवलं : कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून आत सरकवायचा सल्ला सर्रास देतात. जाडी साधारण ०.१ मिमी, म्हणजे मापाने बरोबर. पण अ‍ॅल्युमिनियम मऊ, क्विल वर-खाली होताना तो चुरगळतो आणि एक दिवस अडकतो. मी तसं करणार नाही.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

हेडच्या बाजूला कारखान्याचा एक स्क्रू आहे, चेक नटसकट. त्याचं टोक क्विलच्या उभ्या खाचेत बसतं आणि क्विलला फिरू देत नाही. तो आवळून प्ले कमी होतो, पण तो वरच्या बाजूला असल्याने क्विलचं खालचं तोंड मोकळंच राहतं. दाब हवा तो खाली.

म्हणून बोअरच्या खालच्या कडेपासून वीस-बावीस मिलिमीटर वर, भिंत जाड आहे तिथे, हँडड्रिलने ६.८ चा होल मारून एम-८ चा टॅप घातला. ओतीव लोखंड तेलाशिवाय कापावं. कीस न येता काळी भुकटी पडते. ती भुकटी बोअरमधून आणि आट्यांतून शेवटच्या कणापर्यंत काढली. ग्रब स्क्रू थेट क्विलवर टेकला तर चरा पाडेल, म्हणून मध्ये पितळेचा तुकडा : जुन्या नळाचा दांडा कानशीने ६.५ वर आणला. क्विलभोवती एमरी गुंडाळून त्याचं तोंड घासलं, म्हणजे ते क्विलच्या गोलाईला बसेल.

सोमवार, १९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सकाळी किनाऱ्यावर गर्दी, दुपारी जोडणी.

क्विलला पातळ तेल लावलं. ग्रीस नको, त्यात भुकटी चिकटून राहते. ग्रब स्क्रू क्विल अडेपर्यंत आवळला, मग सैल करत गेलो. हँडल सोडल्यावर स्प्रिंगने क्विल आपोआप वर जाईल तिथे थांबलो आणि चेक नट धरला. चेक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून अ‍ॅलन की स्क्रूतच धरून ठेवावी लागते. वरच्या स्क्रूचंही तसंच. डायल : क्विल वर असताना ०.०२, पन्नास खाली ०.०८. अजून आवळलं तर काटा आणखी कमी फिरेल, पण हँडल जड होऊन बिट कुठे टेकलं ते हाताला कळणार नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

पोरगा दुसरी पट्टी घेऊन आला. आधी सेंटर ड्रिल, मग पाच, मग आठ. वेग सगळ्यात कमी पुलीवर, कारण बिट वेगात नुसतं घासलं की स्टेनलेस कडक होतं. चारही बोल्ट हाताने बसले. चवथीच्या मखराच्या प्लायला दहाचे होल आहेत, तेही उद्या निघतील.

या किमतीच्या मशीनकडून ०.०८ मला पुरे. बेअरिंगच्या बैठकीचं किंवा रीमरचं काम आलं तर ते चिपळूणला लेथवर द्यावं, यावर खपू नये. आणि ज्यांच्याकडे असं मशीन असेल त्यांनी स्प्रिंगची टोपी सोडताना चष्मा लावावा.