औषध दोघांनी घ्यायचं

आमचे हे ट्रकवर. मोडनिंबच्या बाजारातली बोरं, डाळिंबं भरून सोलापूर-पुणे हायवेला लागले की आठ-पंधरा दिवस घरी नसायचे. लग्नाला दुसरं वर्ष लागलं तेव्हा माझं ओटीपोट दुखू लागलं. अंगावरून पिवळसर जायचं, लघवीला आग व्हायची. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता असंल. धन्याचं पाणी पी, बायकांना असलं चालायचंच." एका खासगी डॉक्टरांनी न तपासताच गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

शेवटी आशाताईंनी पंढरपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या समुपदेशक मॅडमनी आधी दार लावून घेतलं, मग बोलायला लागल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गर्भपिशवीच्या नळ्यांना सूज आहे. क्लॅमिडिया किंवा परमा (गोनोरिया) यांच्या जंतूंनी अशी सूज येते, आणि ते जंतू संबंधातून पसरतात. क्लॅमिडियात बहुतेक बायकांना काहीच त्रास जाणवत नाही. औषध झालं नाही तर नळ्या आतून चिकटू शकतात, आणि मूल राहत नाही म्हणून तपासायला गेलं की मगच कळतं.

मला पिवळ्या किटमधलं चौदा दिवसांचं औषध मिळालं. ह्यांच्यासाठी राखाडी किट, एकाच वेळी घ्यायच्या गोळ्या. ते हातातसुद्धा धरेनात. "मला कुठं काय होतंय?" वर म्हणाले, गावात लावणीची कलाकेंद्रं आहेत, असले आजार तिकडचे. मला फार राग आला. पोटासाठी नाचणाऱ्या बायकांचं नाव आमच्या घरातल्या दुखण्यात कशाला? आजार हायवेवरून आला होता, आमच्याच उंबऱ्यातून.

मॅडमनी ह्यांना बोलावून घेतलं, पण एका शब्दानं दोष दिला नाही. "एकटीनं औषध घेतलं तर तुमच्याकडून तिला पुन्हा होणार. दोघांचं झाल्याशिवाय हे जायचं नाही." ह्यांनी तिथंच, मॅडमच्या समोर, पेल्याभर पाण्याबरोबर गोळ्या घेतल्या. औषध पूर्ण होईपर्यंत संबंध नाही, पुढं बाहेर असताना निरोध वापरायचाच, हे त्यांनी खाली मान घालून ऐकलं. गरमी (सिफिलिस) आणि एचआयव्हीसाठी दोघांच्या रक्ताची तपासणी झाली. दोन्ही निघालं नाही.

पुढं दिवस राहिले तेव्हा गरमीची तपासणी मी स्वतः मागून घेतली. गरमी आईकडून पोटातल्या बाळाला होऊ शकते, बाळ दगावूही शकतं. वेळेत कळली तर पेनिसिलिननं बरी होते.

बायांनो, अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, तर अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध फुकट आहे, नावही बाहेर जात नाही. विचारायचं असेल तर १०९७ नंबर लावा, पैसे पडत नाहीत. आणि जाताना नवऱ्याला बरोबर न्या.