गुरांनी राखलेला सडा

आमच्या राजापूरकडे उघड्या कातळाच्या माळाला सडा म्हणतात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला, क्लेअर परगण्यात बसमधून उतरलो आणि तोंडातून निघालं, अरे, हा तर सडाच! फरक एवढाच, की आपला जांभा आणि ही चुनखडी. डोंगरच्या डोंगर अंगाला राख फासून बसलेले. या मुलखाच्या ‘बरन’ या नावाचा तिथल्या भाषेतला अर्थही खडकाळ जागा असाच.

इथे म्हणे फुलं बघायची! मे महिना होता. फरशा अंथरल्यासारखा कातळ आणि मधेमधे हातभर खोल भेगा. एका भेगेत पाय गेला, घोटा सोलवटला. कळवळून खाली बसलो तर समोरच नखाएवढं जेंशियन. पाच पाकळ्या, आणि निळाई अशी, की आपली गोकर्ण तिच्यापुढे धुऊन विटलेली वाटावी. फोन काढेपर्यंत ढग आला आणि छत्रीला पीळ देऊन मिटावी तसं ते मिटलं.

हातभर अंतरावर आठ पाकळ्यांची पांढरी ड्रायस. हिचं माहेर उत्तर ध्रुवाकडे, नाहीतर आल्प्सच्या माथ्यावर; इथे ती पार समुद्रकाठापर्यंत उतरलीय. आणि त्याच सड्यावर भूमध्य समुद्राकडचं ऑर्किडही. लडाख आणि लांजा एकाच वाफ्यात! आयर्लंडमधल्या देशी वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे ७० टक्के या एवढ्याशा मुलखात सापडतात. त्यातल्या सुमारे १,५०० हेक्टरांवर राष्ट्रीय उद्यान आहे.

म्हणजे गुरांना बंदी असणार, असं मी धरूनच चाललो होतो. उतरलो होतो त्या घरचे आजोबा हसले. “गुरं नसती तर तुम्हाला फुलं कुठली दिसायला?”

इथली तऱ्हाच उलटी. बाकी युरोपात गुरं उन्हाळ्यात डोंगरावर जातात, इथे हिवाळ्यात. चुनखडी उन्हाळाभर ऊब पिऊन ठेवते, थंडीत सावकाश सोडते. पाणी भेगांतून खाली निघून जातं, त्यामुळे बसायला जागा कोरडी. गुरं माजलेलं गवत खातात, हेझलची झुडपं वाढू देत नाहीत आणि वसंतात खाली उतरतात. मग फुलांना रान मोकळं. चराई कमी झाली तिथे हेझलने माळ गिळले. म्हणून एका योजनेत कुरणांना दहापैकी गुण मिळायचे. गुण जास्त, तर पैसेही जास्त. “मला आठ पडले होते,” आजोबा म्हणाले, शाळेतल्या पोरासारखे.

संध्याकाळी लंगडत पुन्हा वर गेलो. हिवाळ्यातलं वाळलेलं शेण कातळाला चिकटून होतं. त्याला लागूनच तीन जेंशियन, तिन्ही मिटलेली.