आमचा वाघ्या, गडावरचा वाघ्या

आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. ब्रीड विचाराल तर अस्सल डोंबिवलीकर! २०२० च्या पावसाळ्यात बिल्डिंगखाली उभ्या रिक्षाच्या चाकाशी कुडकुडत बसलेला बाबांना सापडला. मी ब्रूनो, ऑस्कर, पायथन (हो, पायथन.. आम्ही आयटीवाले!) अशी नावं सुचवली. बाबांनी एकही ऐकून घेतलं नाही. "वाघ्या," म्हणाले. विषय संपला.

त्याचं कारण रायगड. मी सातवीत असताना बाबा मला गडावर घेऊन गेले होते. महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर बसवलेला कुत्रा दाखवून त्यांनी गोष्ट सांगितली. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले आणि त्यांच्या जळत्या चितेत या इमानी कुत्र्याने उडी घेतली. परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडलो होतो. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आता सांगून टाकलं.

तर मार्च २०२५ मध्ये माजी खासदार संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. या कुत्र्याला इतिहासात आधार नाही, सबब ३१ मे पर्यंत त्याचं स्मारक गडावरून काढा, अशी मागणी. झालं! सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "आता तुमच्या कुत्र्याचं नाव बदला." त्यावर पाचव्या मजल्यावरचे काका उसळले, "खबरदार बदललंत तर! इमानाचं प्रतीक आहे ते." दोन दिवस ग्रुपवर नुसता धुरळा. आमचा हिरो मात्र सोफ्याखाली माझा मोजा चावत पडलेला.

मी म्हटलं, चला, जरा डिबगिंग करू. दोन शनिवार त्यात घातले. स्मारक १९३६ चं, म्हणजे महाराजांनंतर तब्बल २५६ वर्षांनी उभारलेलं. त्याला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिली असं सांगतात आणि म्हणून ते काढायला धनगर समाजातल्या नेत्यांचा विरोध. २०१२ च्या ऑगस्टमध्ये हा पुतळा एकदा उखडलाही गेला होता, मग परत बसवला. आणि गोष्ट घराघरात पोचवण्यात मोठा हात कोणाचा, तर राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'चा. हे नाटक अपुरं ठेवून गडकरी १९१९ मध्ये गेले. याच नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावरून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काढून मुठेत टाकला गेला. आणि इकडे ठाण्यात तलावपाळीला त्याच गडकऱ्यांच्या नावाच्या रंगायतनात मी लहानपणी बालनाट्यं बघितली. एक कुत्रा, एक नाटककार, एक संस्थानिक.. कुठली वायर कुठे जोडलेली!

पण मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याला समकालीन कागदांत आधार नाही. मला तो असावा असं फार वाटत होतं, म्हणून जास्तच शोधला. नाही म्हणजे नाही.

आता हे बाबांना सांगायचं कसं? एका रविवारी मोठागावच्या रेतीबंदरावर वाघ्याला फिरवताना सांगितलं. खाडीला भरती होती. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी तुला खोटं सांगितलं?" माझ्या पोटात तुटलं. मी म्हटलं, "तुम्हाला जे सांगितलं गेलं, तेच तुम्ही सांगितलंत ना." "मला आमच्या मास्तरांनी सांगितलेलं," ते म्हणाले, "त्यांनाही कोणीतरी सांगितलंच असेल." थोडं चालल्यावर म्हणाले, "तुझी आजी असती तर म्हणाली असती, वाघ्या हे खंडोबाचं नाव." खरंच की! वाघ्या-मुरळीतला वाघ्या. खंडोबापुढे कुत्र्यासारखा भुंकणारा, कोटंब्यात भिक्षा घेणारा भक्त. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घराकडे वळताना त्यांनी हाक मारली, "वाघ्या, चल." नेहमीसारखीच.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले आणि आमच्या सोसायटीने त्यात पाळीव कुत्रीही ओढली. सभेचा विषय क्रमांक ४: कुत्र्यांना लिफ्टबंदी. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी दिवसभर ऑफिसात, आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडतात ते वाघ्यामुळेच. लिफ्ट बंद म्हणजे बाबा बंद.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांची प्रिंट काढून गेलो. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. त्याच कागदात आमची कर्तव्यंही आहेत. बाहेर नेताना पट्टा हवा, घाण उचलायची, लस वेळेवर द्यायची. लिफ्टमध्ये कुत्रा दिसला की घाबरणाऱ्या एका छोट्या मुलीची आईही बोलली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती आत असेल तेव्हा आम्ही पुढच्या खेपेला थांबू, असं ठरलं.

गंमत पुढे आहे. लिफ्टबंदीच्या अर्जावर पहिली सही कोणाची? पाचव्या मजल्यावरच्या, 'इमानाचं प्रतीक'वाल्या काकांची! आणि "अहो जाऊ द्या, म्हातारा माणूस जिना कसा चढणार?" असं म्हणून आमच्या बाजूने उभे राहिले ते नाव बदलायला सांगणारे काका. ठराव बारगळला. माणसं ग्रुपवर एक असतात आणि समोर वेगळी, हे मी पाच वर्षं कुत्रा पाळून शिकलो.

जानेवारी २०२६ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक झाली, २०१५ नंतर पहिल्यांदाच. प्रचाराला आलेल्या एका उमेदवाराने वाघ्याच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "नाव काय याचं?"

"वाघ्या."

हात जागच्या जागी थांबला. साहेबांनी एकदा कार्यकर्त्यांकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. बाबांनी विचारलं, "रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काय करणार?" "बघू, बघू," म्हणत मंडळी पाचव्या मजल्याकडे गेली. लिफ्टनेच.

असो. पट्टा तोंडात धरून स्वारी दारात उभी आहे. निघायला हवं.